डबा एक्केचाळीस

टल्साच्या बाहेर, प्रोपेनच्या टाकीमागे माझी शेड.
आत चौऱ्याऐंशी डबे, खणांसारखे ओढायचे,
मागून उबेची पट्टी, नव्वद फॅरनहाइट,
आणि वास: ओल्या वर्तमानपत्राचा, उंदरांचा,
थोडा माझाही.

एक्केचाळिसात ती आहे.
सोनेरी अंगावर काळ्या रेषा इतक्या बारीक
की कोळ्याला मजुरी देऊन विणून घेतल्यासारख्या.
त्या वर्षी ट्रकचे तीन हप्ते चुकवले
आणि हिला आणली, मांडीवर ठेवून, रात्रभर गाडी हाकत.

तिचं डोकं ठरत नाही.
सरळ निघते, आणि मानेला अर्ध्यातच पीळ पडतो,
हनुवटी छताकडे,
जीभ हवेत चाचपत राहते
जमीन कुठे गेली म्हणून.
चिमट्यात उंदीर धरतो. ती झेपावते,
डब्याच्या भिंतीवर आपटते.
पुन्हा झेपावते.
तिसऱ्यांदा मीच तिच्या जबड्याशी नेतो.

नक्षी आणि ही डगमग एकाच दोऱ्यात ओवलेली.
एक उसवावी तर दुसरीही उसवते.
आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे.
तरी टेबलामागून आम्ही म्हणतो,
"खाते, पिते, अंडी घालते, तिला काय कळतंय?"
मी म्हटलंय हे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून म्हटलंय.

मार्चमध्ये, मस्कोगीच्या जत्रेच्या हॉलमध्ये
शेजारच्या टेबलावर लेस्टर प्रुइट होता.
त्याच्याकडे नवा संकर:
बाप आफ्रिकेतला, आई ऑस्ट्रेलियातली.
मधे अख्खा महासागर होता,
यानं तो चार फुटी पेटीत आटवला.
पिल्लू सुंदर होतं. खोटं कशाला बोलू.
कुणाचंच नव्हतं, आणि सुंदर होतं.

तेवढ्यात एक बाई थांबली, पाठीवर झोपलेलं मूल,
एक्केचाळीसकडे बघत राहिली.
म्हणाली, "असली जन्मालाच घालू नयेत."
मी कॉफी उचलत होतो.
माझा हात थरथरतो, लहानपणापासून.
आई व्हर्लीनचाही थरथरायचा,
चर्चमध्ये सरबत वाटायला तिला कधीच कुणी बोलावलं नाही.
कॉफी पावतीपुस्तकावर सांडली.
बाई माझ्या हाताकडे बघून लाल झाली,
"तसं नव्हतं म्हणायचं मला," म्हणाली, आणि गेली.

घरी येईपर्यंत मी तिच्याशी भांडत होतो.
म्हणजे मीही नको होतो का?
माझी आई नको होती?
कॅटूसाच्या वळणावर, पेट्रोल भरताना, भांडण हरलो.
कारण आईनं मला या थरथरीसाठी जन्म दिला नव्हता.
माझ्या हाताला बघून कुणी भाव वाढवला नव्हता.
कुणी असं म्हटलं नव्हतं,
की याला असलीच एखादी बघून द्या,
निम्मी तरी पोरं अशीच निघतील, आगाऊ रक्कम घ्या.

मे महिन्यात लेस्टरचं पिल्लू मेलं.
त्यानं फोनवर सांगितलं, मग हवापाण्याचं बोलला.
मीही हवापाण्याचं बोललो.

आज अठ्ठावन्नावा दिवस.
पेटीत एक्केचाळीसची सहा अंडी, चुरगळलेली, घाम आलेली.
विचिटाच्या एका दंतवैद्यानं दोनांचे पैसे
केव्हाच पाठवलेत. त्यातून मी छत शाकारून घेतलं.
कात्रीनं चीर द्यायची असते, नखाएवढी.
डाव्या हातानं उजवा धरतो.
पहिल्यातून तपकिरी नाक. साधं. रानात असतं तसं.
विचिटाला याचं काय सांगू?
दुसऱ्यात सोनेरी काहीतरी हललं.
डोकं अजून बाहेर आलेलं नाही.

बेचाळिसातला नर झाकणाला नाक घासतोय,
वसंतापासून घासतोय.
मधे प्लास्टिकची एक भिंत, बोटाएवढी जाड,
आणि खण ओढायला माझा हात.